डूलीचा गुत्ता आणि आपल्या गल्लीच्या आठवणी

गल्लीच्या आठवणी लिहिताना खरी नावं घालायची की नाही, हा वाद आपल्याकडे नेहमीचाच. त्यासाठी जरा लांबचं पुस्तक घेतो : चार्ल्स फॅनिंग यांनी संपादित केलेलं ‘मिस्टर डूली अँड द शिकागो आयरिश’ (१९७६).

शिकागोतलं ब्रिजपोर्ट म्हणजे कालवा खणायला आलेल्या आयरिश मजुरांची वस्ती. कालवा १८४८ला सुरू झाला, माणसं तिथंच राहिली. फिन्ली पीटर डन हा पत्रकार मात्र तिथला नव्हे. तो आधी ‘इव्हनिंग पोस्ट’मध्ये कर्नल मॅकनीरी नावाच्या गुत्तेवाल्याच्या तोंडून लिहायचा. तो बेतलेला होता मॅकगॅरी या खऱ्या गुत्तेवाल्यावर. लोक हसायला लागले तसा मॅकगॅरी वैतागला. मग १८९३च्या ऑक्टोबरात डननं मार्टिन डूली हा नवा म्हातारा रचला आणि त्याचा गुत्ता थाटला ब्रिजपोर्टच्या आर्चर रस्त्यावर. ऐकणारा आधी मॅकेना होता, तोही खरा माणूस. पुढे त्याच्या जागी हेनेसी हा काल्पनिक गिरणी-कामगार आला.

माझ्या मते डनला हे लाभलंच. रस्ता खरा, पूल खरा, माणसं रचलेली, त्यामुळे त्याला काही झाकावं लागलं नाही. सज्जन घरातला पिटी स्कॅनलन दरोडेखोर होतो आणि डूलीला त्याचं कारण सापडत नाही. शॉनेसीच्या शेवटच्या मुलीचं लग्न होतं आणि म्हातारा रिकाम्या घरात एकटा उरतो. बस, एवढीच गोष्ट. पण वाचून झाल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. आपल्या वाड्यांच्या आठवणींत बघा, सगळे काका परोपकारी, सगळ्या आजी सुगरण! कोणी कर्जबाजारी नाही, कोणाचा मुलगा वाया गेलेला नाही. आडनाव छापायचं म्हटलं की हात आखडतोच.

उणिवाही आहेत. सगळं गुत्त्यातून दिसतं, त्यामुळे बायका येतात त्या पुरुषांच्या बोलण्यातून. आयरिश उच्चारांबरहुकूम केलेलं स्पेलिंग डोळ्यांना जड जातं. मोठ्यानं वाचलं तर कानाला पटतं. ही बोली संपादकांनी ‘शुद्ध’ केली नाही, हे बरंच झालं. इंदूर-बडोद्याकडच्या आठवणी छापताना आपण हिंदी-गुजराती मिसळलेली मराठी पुसून टाकतो, तेव्हा बोलणारा माणूसच पुसला जातो.

फॅनिंग यांचं खरं काम वेगळंच. डूली देशभर गाजला तो १८९८च्या युद्धावरच्या टोमण्यांनी, आणि वस्तीवरचे कितीतरी लेख डनच्या पुस्तकांत आलेच नाहीत. ते फॅनिंग यांनी जुन्या अंकांतून काढले. त्यांत वस्ती मोडतानाही दिसते : आयरिश कुटुंबं बाहेर पडताहेत, आणि लाल पुलाची राखण आता एका पोलिश माणसाकडे गेली म्हणून डूली कुरकुरतोय. १९००मध्ये डनही न्यूयॉर्कला निघून गेला.