काठावरून मध्याकडे

शहापूरला नागपूर–भंडारा महामार्गालगतच्या एका गॅरेजात ट्रकचा टर्बो उघडून ठेवला होता. मिस्त्रींनी शाफ्ट रॉकेलने पुसली आणि माझ्या हातात दिली. टोकाला जेमतेम 6 सेंटिमीटर व्यासाचं, काजळलेलं चाक. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. इथल्या माणसाची नजर आधी धातूवर जाते. हा निकेलचा मिश्रधातू, मेणाचा नमुना वितळवून त्याच्या पोकळीत ओतलेला. डिझेलचा सहा-सातशे अंशांचा धूर अंगावर घेत फिरायचं, तर तिथे पितळेचं काम नाही.

पवनचक्कीत वारा समोरून येतो आणि मागे निघून जातो. इथली चाल निराळी. शंखासारख्या कवचातून गरगरत आलेला धूर काठावरून आत शिरतो, मध्याकडे सरकतो आणि आसाच्या दिशेने बाहेर पडतो. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातली 250 मेगावॉटची फ्रान्सिस टर्बाइनं याच घराण्यातली. तिथे पाणी, इथे धूर.

खरी गंमत या उलट्या वाटेत आहे. फिरतं चाक सगळं बाहेर फेकू पाहतं. धुराला मात्र आत जायचंय. त्या चढावर तो आपली ऊर्जा चाकाच्या हवाली करत जातो. मिनिटाला 1 लाख फेरे धरले, तर या चाकाचा काठ सेकंदाला 314 मीटर धावतो, म्हणजे प्रवासी विमानाहून वेगाने. पाती काठाशी सरळ असतील आणि धूर बाहेर पडताना गरगरत नसेल, तर दर किलो धुरामागचं काम म्हणजे या वेगाचा वर्ग: सुमारे 99 किलोज्यूल. सेकंदाला 200 ग्रॅम धूर आला, की गळती-घर्षणाची वजावट करण्याआधी 20 किलोवॉट. छोट्या ट्रॅक्टरची ताकद तळहातात मावते.

आता पाती पाहा. काठाशी ती सूर्यकिरणांसारखी सरळ आहेत, आणि त्याला कारण आहे. या वेगात काठावरच्या एका ग्रॅमला बाहेरची ओढ बसते ती तीन क्विंटल धानाच्या वजनाहून जास्त. तिरपं पातं त्या ओढीने वाकलं असतं. सरळ पातं नुसतं ताणलं जातं. मध्याशी येताच तीच पाती मागे वळतात, कारण तिथे धुराचा उरलासुरला गरगराट काढून घ्यायचा असतो. गरगरत बाहेर पडलेला धूर म्हणजे वाया गेलेली ऊर्जा.

चाक उलटं केलं, की पाठीवर पात्यांमधला धातू कमानीसारखा कोरून काढलेला दिसतो. त्या खाचांतून थोडा धूर निसटतो, कार्यक्षमता किंचित घटते; पण वजन आणि ताण उतरतो, चाक चटकन वेग घेतं. ही तडजोड मला या चाकातली सगळ्यात शहाणी रेघ वाटते. लहान चाकाला आणखी एक शाप असतो. चाक आकसलं, तरी पातं आणि कवच यांतली फट त्याच प्रमाणात आकसत नाही. आसाच्या दिशेने वाहणारं टर्बाइन इतकं लहान केलं, तर ती फट फार महाग पडते. आत वळणाऱ्या वाटेला ती तुलनेने कमी बोचते. म्हणूनच लहान आकारात हे घराणं टिकून आहे, 30 किलोवॉटच्या मायक्रोटर्बाइनपर्यंत.

हातातल्या चाकाच्या एका बाजूची पाती मात्र घासून चकचकीत झाली होती. मिस्त्रींनी शाफ्ट बेअरिंगमध्ये घालून हलवली. चांगलाच प्ले होता.

“तेल नाही भेटलं जी याले,” ते म्हणाले आणि ड्रायव्हरकडे वळले. “गाडी उभी केली का एक मिनिट इंजिन चालू ठेवत जा, भाऊ. तुम्ही थांबता, पण हे फिरतच रायते.”