भयपट, जपानी
अन्यायाने वा अतृप्तीत मेलेल्या व्यक्तीचे, विशेषतः स्त्रीचे, भूत परत येते या लोकसमजुतीवर मुख्यत्वे आधारलेला चित्रपटप्रकार. त्याची एक परंपरा काबुकी रंगभूमीपर्यंत जाते. चौथ्या नांबोकूच्या १८२५ मधील नाटकावरून नोबुओ नाकागावा यांनी ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ (१९५९) हा चित्रपट काढला. त्यात पतीने विष दिलेली ओइवा सूड घेते. केंजी मिझोगुची यांच्या ‘उगेत्सू’मध्ये (१९५३) मात्र धनलोभाने घर सोडलेल्या कुंभाराचे स्वागत त्याची मृत पत्नी मायेने करते. नोबुहिको ओबायाशी यांच्या विक्षिप्त ‘हाउस’मध्ये (१९७७) युद्धात गेलेल्या वाग्दत्ताची वाट पाहत मेलेल्या मावशीचे घर शाळकरी मुलींना गिळते. हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’मध्ये (१९९८) शाप चित्रफितीतून पसरतो. साधने बदलली, तरी या चित्रपटांत भूत खोटे ठरत नाही. जिवंतांकडील त्याचे देणे कायम राहते.

मालाड (ता. बोरीवली) येथील बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’शी (१९४९) तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. दिग्दर्शक कमाल अमरोही यांना योझेफ विर्शिंग यांच्या छायाप्रकाशाची व खेमचंद प्रकाश यांच्या संगीताची साथ लाभल्याने वातावरण भारलेले आहे. परंतु भूत अखेर माळ्याची मुलगी ठरते. त्यामुळे भीतीचे मूळ अन्यायात न राहता नायकाच्या भ्रमात उरते. मुलगी नको या हट्टाचे क्रौर्य उसाच्या फडाच्या पार्श्वभूमीवर दाखविणारा विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ (२०१७) याबाबतीत जपानी परंपरेला अधिक जवळचा होय. भयपटाचे खरे सामर्थ्य दचकविण्यात नसून समाजाने पुरलेला अपराध उकरून काढण्यात आहे, हे त्यावरून दिसते.