‘मिस्ट’ बेटावरील बाप-लेक

वाङ्मयविषयक मासिकाच्या पानांत संगणकावरील एका खेळाचें परीक्षण पाहून कित्येक वाचकांच्या भिवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. कादंबरी, नाटक आणि काव्य यांच्या पंक्तीस हा नवा पाहुणा कोणी आणून बसविला, असें ते विचारतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या कृतींत पुस्तक हेंच दार आहे, पुस्तक हाच तुरुंग आहे, आणि कथेचा सारा उलगडा जळलेल्या ग्रंथालयापासून सुरू होतो, तिला वाङ्मयविचारांतून वगळणें आम्हां पुस्तकांवर पोट भरणाऱ्यांस तरी शोभणार नाहीं.

हा खेळ म्हणजे ‘मिस्ट’. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील स्पोकेन शहराच्या परिसरांत रँड व रॉबिन मिलर या दोघा बंधूंनीं आपल्या ‘सायन’ नांवाच्या लहानशा संस्थेंत तो रचिला, आणि १९९३ सालीं ‘ब्रॉडरबंड’ कंपनीनें तो प्रसिद्ध केला. पुढें त्याच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ सालीं ‘द सिम्स’ या खेळानें मागें टाकीपर्यंत घरगुती संगणकाच्या खेळांत खपाचा पहिला मान त्याच्याकडेच होता. त्या काळचीं यंत्रें बेताच्या शक्तीचीं. म्हणून सुमारें २,५०० स्थिर चित्रें एकामागून एक दाखवून बेटावर हिंडल्याचा भास उत्पन्न केला आहे. संगीत रॉबिनचें आहे, व बाप आणि दोन मुलगे हीं तिन्ही पात्रें या भावांनींच वठविलीं आहेत. त्यांचा अभिनय मात्र कॉलेजच्या गॅदरिंगांत टाळ्या मिळवील इतपतच आहे.

खेळणारास एक पुस्तक सांपडतें. त्याच्या पानावर एका बेटाचें हलतें चित्र असतें. त्यास हात लागतांच तो बेटाच्या धक्क्यावर येऊन उभा राहतो. भोंवतीं समुद्र, वर देवदारांची राई, मोठालीं दांतेरी चाकें, अर्धवट बुडालेलें जहाज, आणि माणूस एकही नाहीं. तरवार नाहीं, बंदूक नाहीं, वेळेची मर्यादा नाहीं, मरणाची तर भीतिच नाहीं. पाहावें, ऐकावें, टिपून ठेवावें, एवढाच उद्योग. ग्रंथालयांत बहुतेक पुस्तकें जळालेलीं आहेत. वांचलेल्या मोजक्या ग्रंथांत एट्रस नांवाच्या मनुष्याच्या रोजनिशा आहेत. हा एट्रस पुस्तक लिहून दुसऱ्या जगांचीं दारें उघडणारा पुरुष. तेथेंच तांबड्या पुस्तकांत सिरस व निळ्यांत अकेनार हे त्याचे मुलगे कोंडलेले दिसतात. दोघेही तुटक, खरखरत्या आवाजांत दुसऱ्यास दोष देतात व आपल्या पुस्तकाचीं हरवलेलीं पानें आणून देण्याची विनवणी करतात. तीं पानें शोधावयास चार निरनिराळ्या जगांत जावें लागतें.

कोड्यांविषयीं आम्ही फार लिहीत नाहीं. कांहीं फारच सुंदर आहेत. सेलेनिटिक नांवाच्या जगांत पाणी, अग्नि, घड्याळ, स्फटिक व वारा यांचे ध्वनि दूरवरून गोळा करून त्यांच्या क्रमानें दार उघडावें लागतें. येथें कानास खरेंच काम मिळतें. परंतु त्याच जगाकडे यानांतून जाणें वाद्यावरील स्वर जुळविल्यावांचून साधत नाहीं, आणि ज्यांस षड्ज व पंचम यांतील अंतर कळत नाहीं अशा आमच्यासारख्यांस घरांतील पेटी शिकणाऱ्या मुलीचा आश्रय करावा लागतो. शेवटचा भुयारांतील चक्रव्यूह तर निव्वळ कंटाळा आहे.

खेळाचें खरें मर्म कोड्यांत नसून खोल्यांत आहे. सेलेनिटिक वगळतां प्रत्येक जगांत या दोन भावांच्या रिकाम्या खोल्या आहेत, आणि आपण न सांगतां तेथील न्यायाधीश होतों. सिरसची खोली पाहावी तों उंची पडदे, मूल्यवान् वस्तु, आणि लपवून ठेवलेली लूट. अकेनारच्या खोलींत यातनेचीं यंत्रें, हाडें, विषें. एकही शब्द न उच्चारतां येथें स्वभावचित्र उभें राहतें, आणि कादंबरीकार ज्यासाठीं दहा पानें खर्च करतात तें एक मेजाचा खण उघडल्यानें साधतें. रोजनिशींत एट्रस चॅनेलवुडच्या झाडांवर राहणाऱ्या लोकांचें वर्णन करतो. आपण तेथें जातों तों झाडांवरील वाटा व घोंगावणारा वारा तेवढा उरला आहे. त्या लोकांचें काय झालें हें कोणी सांगत नाहीं. पण भावांच्या खोल्या पाहिल्यावर विचारण्याचेंही धाडस होत नाहीं.

ज्यांस हा खेळ स्वतः खेळावयाचा आहे त्यांनीं पुढील मजकूर तूर्त वगळावा. शेवट सांगितल्यावांचून त्याची चिकित्सा होणें शक्य नाहीं.

पांच पानें मिळाल्यावर भाऊ शेवटच्या पानाचा ठिकाणा सांगतो, आणि तेथेंच असलेल्या हिरव्या पुस्तकास स्पर्श करूं नका असें बजावतो. खोटें बोलणाऱ्यानें आपल्या खोटेपणाचा पुरावा जेथें आहे त्याच कोनाड्याकडे बोट दाखवावें, ही योजना फार मार्मिक आहे. आज्ञाधारकपणें जो तें पान आणून बसवितो तो स्वतःच पुस्तकांत कोंडला जातो, आणि सुटलेला भाऊ हंसत हंसत पुस्तकाचीं पानें फाडूं लागतो. इतका वेळ आपण मोठ्या हुशारीनें कोडीं सोडवीत होतों. तें सारें एका लबाडाचें हमालकाम होतें, असें तेव्हां कळतें. हिरवें पुस्तक उघडणारास मात्र एट्रस भेटतो. त्याला एक पांढरें पान आणून दिलें कीं तो सुटतो, आणि आपण ग्रंथालयांत परत येऊन पाहतों तों तांबड्या व निळ्या पुस्तकांच्या जागीं करपल्याचे डाग तेवढे असतात.

हे डाग आम्हांस फार वेळ सोडीत नाहींत. चौकशी नाहीं, साक्ष नाहीं, एक दीर्घ उसासा नाहीं. ज्यांचीं जगें उजाड झालीं त्यांच्यापैकीं एकासही कोणी बोलावीत नाहीं. बाप येतो, मुलांचा निकाल लावतो, आभार मानतो आणि त्या ओस जगांत आपणांस हवें तितकें हिंडण्याची मोकळीक बक्षीस देतो! पण त्या जगांचीं दारें कोणीं उघडलीं? अजाण मुलांस तेथील भोळ्या लोकांत कोणीं मोकळें सोडलें? रोजनिशींतला एट्रस सज्जन आहे, जिज्ञासु आहे, समुद्रावरील लुटारूंनीं गांजलेल्यांस मदत करणारा आहे. आणि तरीही आपल्या मुलांच्या डोळ्यांत काय पेटलें आहे हें त्यास शेवटपर्यंत दिसलें नाहीं. खेळ त्याला हा प्रश्न विचारीतच नाहीं. २००४ सालच्या चौथ्या भागांत ते मुलगे जिवंत असून निराळ्या कारागृहांत होते असें दाखविलें आहे. पण अकरा वर्षांनीं केलेल्या त्या दुरुस्तीनें मूळ कृतींतील पोकळी भरत नाहीं.

मिलर बंधूंनीं आपल्या बेटाचें नांव ज्यूल व्हर्न याच्या ‘गूढ बेट’ या १८७४-७५ च्या कादंबरीवरून सुचलें असें सांगितलें आहे. त्या बेटाच्या पोटांत कोण दडला होता हें आपल्याकडील वाचकांस विसरतां येणार नाहीं: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या युद्धांत लढून सर्वस्व गमावलेला, तोच कॅप्टन नेमो. तोही एट्रसप्रमाणेंच अदृश्य हातानें बेटावरील सर्व चमत्कार घडवितो. परंतु मरणापूर्वीं तो त्या परक्या माणसांपुढें आपलें सारें आयुष्य उलगडतो, आणि आपल्या कृत्यांविषयीं त्यांचें मत काय हें विचारतो. व्हर्नची कादंबरी बरीचशी अभियंत्याच्या वहीसारखी आहे. पण या एका प्रसंगानें ती उंच जाते. मिलर बंधूंनीं व्हर्नकडून बेट घेतलें, यंत्रें घेतलीं, गूढ घेतलें, आणि हा प्रसंग मात्र तेथेंच ठेवला.

हें त्यांस स्वतःसही जाणवलें असावें असा आमचा तर्क आहे. १९९७ सालीं त्यांनीं काढलेल्या ‘रिव्हन’ या दुसऱ्या भागांत एट्रसचा बाप गेन हा आपण लिहिलेल्या जगाचा देव म्हणून मिरवतो, आणि तेथें वस्ती आहे, शाळा आहे, चाहूल लागतांच दार लावून घेणारीं माणसें आहेत. त्या शाळेंत मुलांस आंकडे शिकविण्याचें एक खेळणें आहे. टांगलेल्या लहानशा माणसाची ती आकृति, आंकडा येईल तितकी खालीं, माशाच्या जबड्याकडे उतरते. तें आम्हीं पाहिलें, आणि पहिल्या बेटावर ज्यांची वाट पाहून आम्ही थकलों होतों तीं माणसें कोठें आहेत हें कळलें.