थडगं हलतं तेव्हा

कुडाळात आम्ही चौघे मित्र गेली काही वर्षं पावसाळ्यात शनिवारी रात्री जमतो आणि जुने, स्वस्तात केलेले विज्ञान-भयपट पाहतो. भिंतीवर पांढरी चादर, एकाच्या मुलाकडून मागून आणलेला प्रोजेक्टर, उकडलेल्या शेंगा. यातले बहुतेक सिनेमे मी एकट्याने शेवटपर्यंत पाहू शकलेलो नाही. प्रयत्न करून झाला. चौघांत मात्र ते संपूच नयेत असं वाटतं. असं का व्हावं, हा या टिपणाचा विषय.

एड वुडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' घेऊ. चित्रीकरण १९५६चं, रीतसर प्रदर्शन १९५९ सालचं. पैसा एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींचा. परग्रहवासी पृथ्वीवरची प्रेतं उठवतात, अशी गोष्ट. पात्रं धावली की थडगी हलतात. विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा आहे. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात. उडत्या तबकड्या म्हणजे मोटारीच्या चाकांच्या झाकण्या, असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते खरं नव्हे. त्या बाजारात मिळणाऱ्या खेळण्यातल्या प्रतिकृती होत्या. १९८० साली मेडवेड बंधूंच्या पुस्तकात हा 'आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट' ठरला, आणि तेव्हापासून तो पाहायचा कसा हेही ठरून गेलं: चुका मोजायच्या आणि खिदळायचं.

आम्हीही तेच केलं. थडगं हललं, आम्ही टाळ्या दिल्या. आमच्यातला एक जण मात्र हसेना. उमेदीच्या काळात तो एकांकिकांचं नेपथ्य करायचा. एका स्पर्धेत त्याची पुठ्ठ्याची भिंत ऐन प्रसंगी नटाच्या अंगावर आली आणि सगळं सभागृह हसलं. त्यानंतर त्याने नेपथ्याला हात लावला नाही. तो एवढंच म्हणाला, "हसतास कोणाक रे?"

प्रश्न अडचणीचा होता. दशावतारात आम्ही लहानपणापासून लाकडी बाकालाच सिंहासन मानत आलो. काळ्या वेषातला संकासुर आला की पोरं घाबरतात आणि त्याच्या मालवणी बोलण्यावर तीच पोरं हसतात. तिथे बाक डुगडुगला म्हणून राजाचं राज्य जात नाही. मग पुठ्ठ्याचं थडगं हललं की वुडचं का जावं? माझ्या मते कारण कॅमेऱ्यात आहे. दशावतार खऱ्या सिंहासनाचं वचनच देत नाही. उरलेलं काम तो प्रेक्षकावर सोपवतो. कॅमेरा सगळं खरं दाखवण्याचं वचन देतो, आणि खिशात पैसे नसले की ते पहिल्याच फटक्यात मोडतं. एकटा प्रेक्षक तिथे वैतागून उठतो. चार मित्र असले तर ते उठत नाहीत. सिनेमाने टाकून दिलेलं काम ते बोलून, हसून आपल्याकडे घेतात. म्हणजे चादरीवरच्या सिनेमाचा ते पुन्हा दशावतार करतात.

पण याने मित्राचं समाधान झालं नसतं, माझंही होत नाही. कारण याच सिनेमात बेला लुगोसी आहे. एके काळचा हा नामांकित ड्रॅक्युला ऑगस्ट १९५६ मध्ये वारला. वुडने त्याची आधी घेतलेली थोडी मूक दृश्यं या गोष्टीत बसवली. पुढच्या प्रसंगांत एक उंच माणूस डगल्याने तोंड झाकून लुगोसी म्हणून वावरतो. तो वुडच्या बायकोचा कायरोप्रॅक्टर. यावर हसू येतंच. पण त्याआधी तो म्हातारा घरातून बाहेर येतो, फूल खुडतो, हातात धरून उभा राहतो. तिथे आम्ही चौघेही गप्प झालो. मेडवेडी यादीत या गप्प होण्याला जागा नाही.

कमी पैसा हा काही गुण नव्हे, हेही सांगायला हवं. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा (१९६८) खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. प्रेतं उठण्याचं कारण शुक्राहून परतलेल्या यानाचा किरणोत्सर्ग, तेही बातम्यांतून उरकलेलं. पण रोमेरो मोडणारं वचन देतच नाही. एक शेतघर, रेडिओ, टीव्ही, दारं-खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या. १९६९च्या जानेवारीत रॉजर ईबर्टने या सिनेमाच्या दुपारच्या खेळाबद्दल लिहिलं. थिएटर मुलांनी भरलं होतं. आधी मजेत किंचाळणारी मुलं हळूहळू गप्प होत गेली, काही रडू लागली. सोबतीच्या हसण्याची हद्द यापेक्षा नेमकी दाखवणारा दुसरा लेख मला माहीत नाही.

हा सिनेमा आमच्यापर्यंत पोचला तोही एका चुकीमुळे. ऐनवेळी नाव बदललं, नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहिली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने तो सर्वांचा झाला. करणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं. ज्याला हवा त्याने मात्र तो दाखवला: रात्री उशिरा टीव्हीवर, स्वस्त कॅसेटवर, शेवटी आमच्या चादरीवर. रात्रभर तगलेला बेन पहाटे प्रेत समजून गोळीला बळी पडतो, तेव्हा शेंगांची परात कुणी पुढे ढकलली नाही.

नेपथ्यवाला मित्र अजून येतो. 'प्लॅन नाइन' आम्ही गेल्या श्रावणात पुन्हा लावला. थडगं हललं आणि या वेळी पहिला हसला तो. मग म्हणाला, मागून एक तिरका टेकू दिला असता तर राहिलं असतं.