‘डॉल्स हाऊस’मधील दाई

हेन्रिक इब्सेन यांचे ‘अ डॉल्स हाऊस’ हे नाटक २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात प्रथम रंगभूमीवर आले. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे मराठी रसिकांनाही ते परके नाही. पती व तीन मुले मागे ठेवून नोरा बाहेर पडते, खालचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज येतो आणि पडदा पडतो. त्या आवाजावर आजवर एवढी शाई खर्ची पडली आहे की, त्याच घरातील वृद्ध दाई ॲन-मरी हिच्याकडे पाहावयास कोणाला फारशी सवड झालेली नाही.

तिच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली आहेत. आईवेगळ्या नोराला तिनेच वाढवले. आता नोराच्या मुलांचेही तीच करते. दुसऱ्या अंकात नोरा तिला विचारते, पोटची मुलगी परक्यांच्या स्वाधीन करणे तुला जमले तरी कसे? फसवल्या गेलेल्या गरीब मुलीला चांगली नोकरी मिळत होती, दुसरा मार्ग कोणता होता, असे ती सांगते. मुलगी आपल्याला विसरलेली नाही, एवढे तिला समाधान आहे. दृढीकरणाच्या वेळी एक आणि लग्न झाल्यावर एक, अशी तिची दोन पत्रे आली. एका आईच्या पदरात दोन पत्रे!

‘तू सर्वप्रथम पत्नी आणि माता आहेस,’ असे टोरवाल्ड हेल्मर तिसऱ्या अंकात नोराला बजावतो. मग ॲन-मरी कोण होती? सुस्थितीतील घरच्या लेकराला आई हवी म्हणून गरिबाच्या लेकराची आई नेली, तेव्हा मातृत्वाचे पावित्र्य कोणाला आठवले नाही. माझ्या मते इब्सेन यांची समाजावरील खरी टीका शेवटच्या गाजलेल्या संवादापेक्षा या लहानशा प्रवेशात अधिक खोल उतरली आहे.

१८८० मध्ये जर्मनीत हेडविग नीमान-राबे या अभिनेत्रीने मुलांना सोडून जाणारी आई रंगवण्यास नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा ती आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेन यांनी नाइलाजाने निराळा शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला निजलेल्या मुलांच्या दाराशी नेतो. उद्या ही तुझ्यासारखीच आईवेगळी होतील, असे म्हणतो. ती कोसळते व थांबते. कुटुंबवत्सल वाचकाला हा शेवट जवळचा वाटेल. प्रथम मलाही वाटला. परंतु पतीच्या प्राणांसाठी नोराने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढले हे कळताच, मुलांना तुझ्या हाती देणार नाही, असे याच हेल्मरने थोड्याच वेळापूर्वी सुनावले होते. कर्जखत परत येताच त्याने क्षमा केली. ज्याला आईचे आईपण असे क्षणात काढून घेता येते व क्षणात परत देता येते, त्याच्या तोंडी त्या मुलांची दुहाई शोभत नाही.

तरीही मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच आणि मूळ शेवट तो सोडवत नाही. मुले आपल्यापेक्षा चांगल्या हाती आहेत, असे म्हणून नोरा निघते. ते हात ॲन-मरीचे. लेकरांना दुसरी आई नसती तर तू नक्कीच त्यांना, असे नोरा दुसऱ्या अंकात तिला म्हणू लागते आणि वाक्य अर्धेच सोडून देते. ते पुरे करण्यासाठी ती पुन्हा दाईकडे येत नाही.