भयकथा, मराठी : परकीय पात्रांचे रूपांतर

परकीय गूढकथेतील रक्तपिपासू मृत, आदिम देवता, दुष्ट शक्तींचे निवारण करणारा ज्ञानी पुरुष इ. पात्रांना मराठी कथा-कादंबऱ्यांत लाभलेले नवे रूप. जपानी लेखक हिराई तारो (१८९४–१९६५) याने एडगर ॲलन पो याच्या नावावरूनच ‘एदोगावा राम्पो’ हे टोपणनाव घेतले. मराठीत मात्र मूळ नाव गाळून पात्र तेवढे घेण्याकडे कल दिसतो.

नारायण धारप (१९२५–२००८) हे या प्रकारातील प्रमुख लेखक. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. त्यांची लुचाई ही कादंबरी स्टीव्हन किंगच्या सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे. रक्तपिपासू मृताची पाश्चात्त्य कल्पना दफनाची रूढी व क्रुसाचे सामर्थ्य यांवर उभी आहे. प्रेतदहन करणाऱ्या समाजात तिचा पायाच नाहीसा होतो. शिवाय मराठी भुताला पूर्वचरित्र असते. मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो व पिंपळावर राहतो. हडळ, गिऱ्हा यांच्याही जन्मकथा ठरलेल्या आहेत. उलट एच. पी. लव्हक्राफ्टच्या (१८९०–१९३७) आदिम शक्तींना मनुष्याशी काही देणेघेणे नसते, आणि ही बेपर्वाईच भयाचे मूळ ठरते. धारपांचा ‘समर्थ’ साधनेच्या बळावर अशा शक्तींशी झुंजतो. वाचकाला दिलासा मिळतो, परंतु मूळ भीतीचा गाभा हरवतो. धारपांची खरी मर्यादा ही होय. केवळ उसनवारीचा आक्षेप वरवरचा आहे.

‘हस्तर’ या नावाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. अँब्रोझ बिअर्सच्या कथेत तो मेंढपाळांचा दयाळू देव होता. रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचलले, लव्हक्राफ्टने त्याचा ओझरता उल्लेख केला आणि ऑगस्ट डेर्लेथने त्याला दुष्ट शक्ती बनविले. किंगच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेत चेटकीण आजीला आवरण्यासाठी हेच नाव उच्चारले जाते. धारपांची ‘आजी’ ही कथा तिच्यावर बेतलेली, आणि राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटाची प्रेरणा धारपांची. (‘तुंबाड’ हे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून आले.) चित्रपटात हस्तर समृद्धीच्या देवीचा ज्येष्ठ पुत्र आहे, सोने त्याला मिळाले, अन्नाला मात्र तो मुकला. जन्म, कुळ, अपराध व शिक्षा लाभताच हे परकीय दैवत मुंजाच्या पंक्तीला बसते. नाव टिकवूनही इतके पूर्ण रूपांतर धारपांच्या कादंबऱ्यांतही क्वचितच साधले आहे.

मुंबईचे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांना अशा पात्रांची फारशी गरज भासली नाही. मध्यमवर्गीय घरातील माणसांची मनेच त्यांना पुरली.