जळित जमिनीवरील पाइनची ‘वाढ’

फिनलंडच्या भाषेत जंगल जाळण्याच्या क्रियांना वेगवेगळी नावे आहेत. झाडे तोडून जाळावयाची आणि राखेत राय नावाचे धान्य किंवा सलगम पेरावयाचे, ती ‘कास्की’. तोडीनंतर उरलेल्या फांद्या व पाला जाळून तेथे पुन्हा वनच उभे करावयाचे, ते ‘कुलोतुस’. पहिलीत झाड हा अडथळा, दुसऱ्यात तेच पीक. ओल्ली हेइकिनहेइमो यांनी १९१५ साली वनांवरील परिणाम तपासला तो कास्कीचा. तो निर्णय कुलोतुसावर लादता येत नाही.

मराठी वाचकास येथे ‘राब’ हा शब्द सहज सुचेल, आणि तो दोन्ही ठिकाणी चुकेल. कास्कीस ‘कुमरी’ अधिक जवळची. राब भाजून तयार केलेला तरवा उपटून अन्यत्र लावतात. पाइनचे रोप मात्र बाहेरून जळित जमिनीत येते आणि तेथेच कित्येक दशके उभे राहते.

ही केवळ शब्दाची चूक नव्हे. राब म्हटले की राख म्हणजे खत, हे गृहीत धरले जाते. वस्तुतः राखेने जमिनीचा आंबटपणा कमी होतो, चुना व पालाश मिळतात. परंतु जळालेल्या थरातील नत्राचा बराच भाग हवेत निघून जातो. थंड प्रदेशातील खरा लाभ निराळाच आहे. कुजलेल्या पाल्याचा जाड, आंबट थर पातळ होतो, माती तापते, गवताझुडपांची चढाओढ काही काळ हटते. जेथे तो थर मुळातच पातळ व जमीन निकस, तेथे तोच जाळ नुकसानीचा ठरतो.

अधिक फसवा शब्द ‘वाढ’ हा होय. शेतकरी रोप ‘तगले’ आणि ‘फोफावले’ यांत भेद करतो. सरासरी उंचीचा आकडा तो करीत नाही, कारण मेलेल्या रोपाची उंची कोणी मोजत नाही. शंभरांतील साठ रोपे मेली व उरलेली चाळीस उंच झाली, असे समजा: आकडा उत्तमच दिसेल. हे निव्वळ तर्कटही नव्हे. ऱ्हिझिना उन्दुलाता ही बुरशी आगीच्या उष्णतेनेच जागी होते आणि सूचिपर्णी रोपांच्या मुळांवर पडते. जाळल्यावर लगेच लागवड केली तर तिचे भय. ती ओसरेपर्यंत थांबावे, तर तेवढ्यात गवत परतते. सबब, जाळणे व लागवड यांतील अंतर आणि मेलेल्या रोपांची संख्या ज्या कोष्टकात नाही, त्यातील उंचीच्या रकान्यावरून दोन क्षेत्रांची तुलना करता येणार नाही.